एक शून्य काढून

काटेवाल्यांच्या दुकानात दोन मापं चालायची. एक काट्याचं आणि दुसरं काटेवाल्यांच्या जिभेचं. काट्याचं माप इतकं चोख, की त्यांनी दुरुस्त केलेल्या तराजूवर माशी बसली तर ती उपाशी आहे की जेवून आली आहे हेसुद्धा कळावं. जिभेच्या मापाचं मात्र काही विचारू नका. दारावरून कुत्रं गेलं तर काटेवाल्यांच्या तोंडात त्याचा वाघ होई, आणि गिऱ्हाईक मान डोलावणारं असलं तर संध्याकाळपर्यंत त्या वाघाला आयाळ फुटे. वाघाला आयाळ नसते असं कुणी म्हणालंच, तर काटेवाले म्हणत, "म्हणून तर आश्चर्य!"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, भिंतीवर टांगलेली पारडी, मागे खिडकीपाशी कामाचं टेबल. बेकरीवाल्याचा, सोनाराचा, औषधवाल्याचा, टपाल कचेरीचा, असा गावभरचा आजारी काटा तिथे दुरुस्तीला यायचा. पुढे बसून बोलायचं हे काटेवाल्यांचं काम, आणि मागे बसून काम करायचं हे त्यांच्या मुलीचं. मुलीला सगळे गुंजी म्हणत. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, की (काटेवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे) तिला सोनाराच्या ताजव्यात तोलावं लागलं आणि दुसऱ्या पारड्यात गुंजा टाकल्या त्या फक्त सतरा. आता ती एकोणतीस वर्षांची होती, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवायची आणि दिवसाकाठी जेमतेम वीस शब्द बोलायची.

या दोन मापांचा मेळ घालायची एक रीत त्या घरात होती. ती बसवली काटेवाल्यांच्या बायकोने. नवरा पुढे गिऱ्हाइकाला सांगत असायचा, "चारशे माणसं जमली होती हो काटा बघायला!" आणि ती मागे मान वर न करता उजव्या हाताचं एक बोट वर करायची. अर्थ एवढाच, की एक शून्य काढा. चारशेची चाळीस. गिऱ्हाइकंही सरावली होती. थाप ऐकली की आधी हसायचं आणि मग खऱ्या आकड्यासाठी मागच्या बोटाकडे बघायचं. एकदा देवमाशाच्या वजनाची गोष्ट निघाली तेव्हा तिने पाचही बोटं वर केली आणि उरलेल्या शून्यांसाठी गिऱ्हाइकाला म्हणाली, "जरा तुमचाही हात द्या."

ती सहा वर्षांपूर्वी साध्या तापाने गेली. बोट मुलीकडे आलं. गिऱ्हाइकं म्हणायची, अगदी आईसारखं उचलते हो! काटेवाल्यांना तेवढाच आधार वाटे. बायको गेली, पण शून्य काढणारं कुणीतरी घरात राहिलं.

या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही. ज्या घरात प्रत्येक बोलण्यातून शून्य काढायची सवय पडते, तिथल्या मुलीचं काही दुखलं, तर ती ते कोणत्या मापाने सांगणार?

गुंजीचं दुखत होतं. विसाव्या वर्षापासून दुखत होतं. आधी महिन्याचे दोन दिवस, मग चार, मग आठ, आणि अलीकडे मधल्या दिवसांतही अधूनमधून. काटेवाल्यांना त्यातलं फक्त बंद दारामागचं ठाऊक. न्हाणीघराचा नळ उगीच सोडलेला, गरम पाण्याची पिशवी दोरीवर वाळत घातलेली, आणि मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कामाच्या टेबलाखाली काही शोधत असलेली. काय शोधतेस विचारलं तर म्हणायची, "स्क्रू पडला, बाबा." नऊ वर्षांत तिचे जेवढे स्क्रू पडले तेवढ्यांत आगगाडी उभी राहिली असती. जगातल्या कुठल्याही विषयावर तास दोन तास बोलणारा हा माणूस या एका विषयावर मात्र मूग गिळून बसायचा. त्याच्या तोंडी या दुखण्याला एकच शब्द होता, 'तब्येत'. "आज हिची तब्येत जरा..." एवढं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

मागच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई होत्या. बाई मायाळू. त्यांनी गोळ्या दिल्या, लोह दिलं, एकदा सोनोग्राफी करवली. ती स्वच्छ आली. "ताण घेऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "काहींना जरा जास्त होतं. पुढे लग्न झालं, मूलबाळ झालं की बसतं आपोआप." आणि दरवेळी तपकिरी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. नऊ वर्षांत फाइल बोटभर जाड झाली.

मग एका दुपारी गुंजीने आपला फोन आणून काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता मागे जाऊन बसली. काटेवाल्यांनी सोनाराचं भिंग लावून वाचलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसलंच अस्तर कधी कधी बाहेर, भलत्याच जागी वाढतं. तिथेही ते महिन्याच्या महिन्याला सुजतं, आतले अवयव एकमेकांना चिकटवून टाकतं. साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. नक्की कळायला कित्येक बायकांची वर्षंच्या वर्षं जातात. वर एक लांबलचक नाव होतं, एंडोमेट्रिओसिस.

"हे तुला आहे म्हणतेस?" भिंग काढून त्यांनी विचारलं.

"म्हणत नाही. कुणीतरी नीट बघावं म्हणते. दुसरं कुणीतरी."

गुंजीचे त्या दिवसाचे वीस शब्द तेवढ्यात संपले.

काटेवाल्यांना खरा घाम फुटला तो पुढच्या रविवारी. टेबलाच्या खणात वजनं पुसायचं एक मऊ कातडं असे. पितळी वजनाला उघडा हात लावायचा नाही, हाताच्या घामानेही माप बदलतं, म्हणून ते कातडं. त्यावर जागोजाग दातांच्या खुणा होत्या. कुठे अर्धवर्तुळं, कुठे तर आरपार भोकं. काटेवाल्यांनी त्यावर एक झकास गोष्ट रचली होती. एका कवडीचुंबकाने इथे सोनं तोललं, ते दीड गुंज कमी भरलं, तेव्हा त्याने जे हाताला लागलं ते चावलं! "बत्तीसच्या बत्तीस दात उमटलेत, मोजून घ्या." दोन वर्षं ही गोष्ट हातोहात खपत होती. गुंजी मागून बोट वर करायची आणि लोक म्हणायचे, बरोबर, तीनच दात!

त्या रविवारी दुकान बंद होतं. काटेवाले विसरलेला चष्मा घ्यायला आले. मुलगी टेबलाखाली होती. स्क्रू शोधत नव्हती. कुशीवर वळून, गुडघे छातीशी घेऊन पडली होती, आणि ते कातडं तिच्या तोंडात होतं.

ते जागच्या जागी उभे राहिले. तिने त्यांना पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. ते आवाज न करता दाराबाहेर गेले आणि पायरीवर बसले. आत जावं तर बाप, न जावं तरी बापच. सव्वासहाला ती बाहेर आली, तोंड धुतलेली, केस विंचरलेली.

"तुम्ही कधी आलात?"

"हे काय, आत्ताच," काटेवाले म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत लहान थाप. तिच्यातून काढायला शून्यही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हालचाल सुरू केली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ पाच महिन्यांनंतरची मिळत होती. पण काटेवाल्यांकडे एक हुकमी पान होतं. याच डॉक्टरांच्या दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा वजनकाटा त्यांनी मागच्या वर्षी जाऊन दुरुस्त केला होता, आणि करता करता डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली होती. "आमच्या वडिलांनी एक काटा बनवला होता साहेब, असा नाजूक, की माणूस त्यावर उभा राहून सुस्कारला तर वजन दोन मासे उतरायचं. आणि एकदा एकाने राग गिळला, तर अर्धा तोळा चढला!" डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना म्हणाले, "काटेवाले, कधी काही लागलं तर हक्काने या."

काटेवाल्यांनी हक्काने फोन केला. पाच महिन्यांनंतरची वेळ आठ दिवसांवर आली.

"बघ, थापांचाही उपयोग होतो," ते गुंजीला म्हणाले. ती चक्क हसली. आठही दिवस काटेवाले काउंटरवर बसून ते लांबलचक नाव घोकत होते. एन-डो-मे-ट्रि. बेकरीवाला म्हणाला, "हे कुठल्या कंपनीचं मॉडेल?"

मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. बसायच्या खोलीत एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या होत्या, एक हलली की चार हलायच्या. भिंतीवर गोंडस बाळांची चित्रं. गुंजी त्यांच्याकडे बघत नव्हती. कोपऱ्यात काटेवाल्यांनीच दुरुस्त केलेला तो वजनकाटा होता. त्यांनी जाता जाता वाकून पाहिलं. काटा शून्यावर स्थिर होता. आपलं काम बघून त्यांना हायसं वाटलं. खिशात ते कातडं होतं, रुमालात गुंडाळलेलं. का आणलं हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नाहीतरी काट्याचा निकाल लावताना गिऱ्हाइकाच्या शब्दापेक्षा ते नेहमी झिजलेला सुटा भाग बघायला मागायचे.

परिचारिका फॉर्म घेऊन आली. तिच्या हातात एक पट्टी होती. पट्टीवर दहा तोंडं काढलेली, पहिलं हसणारं, शेवटचं रडणारं.

"दुखतं ते दहापैकी किती?"

"तीन," गुंजी म्हणाली.

काटेवाल्यांनी मान गर्रकन वळवली. "अगं!"

"तीनच, बाबा."

परिचारिकेने तीन लिहिलं. "काका, त्यांनाच सांगू द्या हं," ती गोड हसून म्हणाली.

"गुंजे," ती गेल्यावर काटेवाले कानाशी कुजबुजले, "मी त्या रविवारी पाहिलं तुला."

मुलगी पांढरीफटक पडली. "म्हणजे पायरीवर होतात?"

"दोन तास."

"मग आत का नाही आलात?"

काटेवाल्यांनी खिशातलं कातडं चाचपलं. एवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं आणि ते वाचले, किंवा खरं म्हणजे तिथूनच बुडायला सुरुवात झाली.

"या, या, काटेवाले!" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. मोठा माणूस, पण गर्व नाही. शेजारी बसलेल्या शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाले, "हे बघ, मी सांगितलं होतं ना? राग गिळला तर अर्धा तोळा चढणारा काटा! ते हेच! काटेवाले, ऐकवा की हिला."

"साहेब, आज वेगळंच सांगायला आलोय."

"त्याहून भारी? मग तर बसाच!"

गुंजीने तपकिरी फाइल पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली, आणि चांगली सावकाश वाचली. पानं उलटताना ते तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते. "तीन... तीन... दोन... तीन... इथे अडीच!" ते हसले. "अडीच कोण सांगतं? काटेवाल्यांची मुलगी शोभतेस."

मग त्यांनी तिला पडद्याआड नेऊन तपासलं. काटेवाले बाहेर बसून पडद्याच्या कड्या मोजत राहिले. अकरा होत्या. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज येई, "इथे? इथे दुखतं?" आणि मुलीचा, "थोडं." "आणि इथे?" मग जरा वेळ काहीच नाही. मग, "जमतंय."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या खालच्या ओठावर एक लाल रेघ होती. काटेवाल्यांना ती दिसली. डॉक्टर बेसिनवर हात धूत होते.

"हे बघा," डॉक्टर बसत म्हणाले, "तपासणीत ठाम असं काही हाताला लागत नाही. सोनोग्राफी स्वच्छ. आधीच्या बाईंचं मला पटतं. थोडं आतड्यांचं, थोडं मनाचं."

"साहेब, ते एंडोमेट्रिओसिस..." काटेवाल्यांनी एकही अक्षर न चुकवता म्हटलं.

"अरे वा! फोनवर वाचलंत?"

"दुर्बीण घालून बघतात म्हणे. तसं बघितल्याशिवाय नक्की कळत नाही म्हणे."

"बघतात ना. मीच बघतो आठवड्याला चार." डॉक्टर पुढे झुकले आणि या वेळी हसले नाहीत. "पण त्यासाठी भूल द्यावी लागते, पोटाला भोकं पाडावी लागतात. त्यात धोका असतो. हिने आठ म्हटलं असतं, नऊ म्हटलं असतं, तर मीच आपणहून म्हटलं असतं, चला, बघू. तीनासाठी मी तुमच्या मुलीचं पोट उघडू? तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर उघडलं असतंत?"

बोलणं रास्त होतं. काटेवाल्यांना बोलणं रास्त आहे हेच सोसवेना. नऊ वर्षं आणि आठ दिवस आणि तीन जिने, सगळं येऊन त्या तीनावर अडलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर ते कातडं पसरलं.

"साहेब, तीन नाही ते. पाळीत..." हा शब्द बायकोसमोरसुद्धा कधी त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "पाळीत ती जमिनीवर पडून असते. मागच्या आठवड्यात दोन तास पडली होती. घड्याळ लावून दोन तास. हे कातडं चावून. या खुणा तिच्या दातांच्या आहेत. हिच्या आईचंही असंच असायचं. महिन्याचे दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही. आणि मी लोकांना सांगायचो, राणीसाहेब दौऱ्यावर गेल्यात."

डॉक्टरांनी कातडं उचलून उजेडात धरलं. भोकातून पलीकडचा दिवा दिसला. त्यांचा चेहरा बदलू लागला होता, हे काटेवाल्यांनी नीट पाहिलं. चाळीस वर्षं काटे बघितलेला माणूस, काटा हलला की त्याला कळतं. तो हलला होता.

पण डॉक्टर खात्री करायला मुलीकडे वळले. "खरं का गं? दोन तास?"

आणि गुंजीचा उजवा हात मांडीवरून उठला, आणि त्याचं एक बोट वर झालं.

तिने उचललं नव्हतं. ते उठलं. वडील बोलले, कुणीतरी तिच्याकडे बघितलं, आणि बोट उठलं, जसं सहा वर्षं रोज उठत होतं, त्याआधी तिच्या आईचं उठत होतं. तिचं तिलाच कळलं आणि तिने झटकन मूठ मिटली, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"हे काय?" शिकाऊ डॉक्टरणीने विचारलं.

"नाही, ते..." गुंजी म्हणाली, "ते आमच्या दुकानात..."

"मला माहितीये!" डॉक्टरांचं हसू फुटलं, सुटल्यासारखं, मोठं. "हे मला काटेवाल्यांनीच सांगितलंय! एक शून्य काढायचं! म्हणजे दोन तासांची..." त्यांनी मनात हिशेब केला, "बारा मिनिटं! काटेवाले, धन्य आहात. मला क्षणभर वाटलं हो खरंच!" आणि कातडं परत देत म्हणाले, "उंदराने बरं कुरतडलंय."

"साहेब, हिच्या आईची शपथ," काटेवाले म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "कळतं मला. बापाचं काळीज आहे. वाढवून सांगणारच." मग गुंजीला म्हणाले, "तू सांग. तुला काय वाटतं?"

ती बोलली असती. तोंड उघडलंही तिने. पण हसू अजून खोलीत होतं, शिकाऊ डॉक्टरीण ओठ दाबून खाली बघत होती, आणि बाबा टेबलावर दोन्ही हात टेकून असे उभे होते, की जणू ते खोटं बोलताना पकडले गेले आहेत.

"होतं कधी कधी," ती म्हणाली. "जमतं."

डॉक्टरांनी तपकिरी फाइलमध्ये नवं पान लावलं. त्याच गोळ्या, नाव वेगळं. ताण कमी करणे. सहा महिन्यांनी दाखवणे. खाली रेघ मारून, पहिल्या मताशी सहमत. पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडून कसले पैसे," म्हणाले. "पुढच्या वेळी गोष्ट तेवढी आणा."

दोघं दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. मग गुंजी जिन्यातच पायरीवर बसली. कठड्याच्या गजाला तिने डोकं टेकलं. वरून खाली जाणारी माणसं "जरा सरा" म्हणत कडेने जात होती.

"बोट आपोआप उठलं, बाबा."

"माहितीये."

"मी उचललं नाही."

"अगं, माहितीये मला." ते एक पायरी खाली बसले, म्हणजे डोळ्याला डोळा भिडायला नको. बराच वेळ त्यांनी हातातला रुमाल घडी केला, उलगडला. "पण फॉर्मवर तीन का सांगितलंस? तिथे तर मी बोललो नव्हतो."

गुंजी विचारात पडली. कुणी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. "तुम्ही एवढं सांगता," ती म्हणाली, "कुणीतरी तेवढं कमी सांगायला हवं ना. म्हणजे घराचं माप जमतं. लहानपणापासून मी सांगायच्या आधी एक काढूनच सांगते. आता मला न काढता सांगताच येत नाही."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. काटेवाल्यांनी गिळलं. अर्धा तोळा असेल, जास्तच असेल.

"मग न काढता किती?"

ती गजावर नखाने खरवडत राहिली, रंगाचा एक पोपडा निघेपर्यंत.

"तीस," ती म्हणाली.

दहापैकी तीस. काटेवाले उठले आणि त्या वयात एका दमात तिसऱ्या मजल्यावर गेले. काचेमागे बसलेल्या बाई कागद लावत होत्या. "साहेब ऑपरेशनला गेले," त्या म्हणाल्या. "निरोप लिहून ठेवा." काटेवाल्यांनी त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली आणि ठळक अक्षरात लिहिलं, तीन नाही, तीस. खाली मुलीचं नाव, आपलं नाव, सही.

बाईंनी वाचलं. "दहापैकी तीस?" त्यांच्या गालाला खळी पडली. "तुम्ही ते काटेवाले ना? साहेब नेहमी सांगतात तुमचं!" आणि चिठ्ठी त्यांनी फाइलमध्ये नाही, काचेला आतून चिकटवली, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशी. त्यांना ती फार आवडली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. गुंजी मागे टेबलाशी बसली. काटेवाल्यांनी कातडं खणात ठेवलं नाही. ते काउंटरवर पडून होतं.

अकराच्या सुमाराला बेकरीवाला आपला पिठाचा काटा घेऊन आला. पाठोपाठ त्याचा मेहुणाही होता, दुकानात पहिल्यांदाच आलेला. "इथे एक जंमत ऐकवतो तुला," बेकरीवाला मेहुण्याला म्हणाला आणि कातडं उचलून काटेवाल्यांपुढे नाचवलं. "काटेवाले, सांगा की यांना! त्या कवडीचुंबकाची!"

काटेवाले पिठाच्या काट्यावरची धूळ फुंकत होते. त्यांनी पारडं रिकामं केलं, काटा शून्यावर येईपर्यंत थांबले.

"कवडीचुंबक नव्हता कुणी," ते म्हणाले. "माझ्या मुलीचे दात आहेत ते. तिला दर महिन्याला पोटात असं दुखतं की ओरडू नये म्हणून ती हे चावते. नऊ वर्षं झाली. दोन डॉक्टर झाले. कुणालाच काही सापडत नाही."

बेकरीवाल्याने हातातल्या कातड्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. त्याने मेहुण्याच्या पाठीत थाप मारली. "बघितलंस? नवीन! दरवेळी नवीन! आणि चेहरा बघ कसा ठेवलाय, डोळ्यांत पाणीसुद्धा! थांब, आता मागे बघ. आता गंमत बघ."

दोघांनी मागच्या टेबलाकडे, गुंजीकडे पाहिलं.

तिच्या उजव्या हातात चिमटा होता. तिने तो खाली ठेवला. हात टेबलावर पालथा टाकला, पाचही बोटं लाकडाला टेकवून, आणि त्यावर डावा हात दाबून धरला. नखं पांढरी झाली. बोट उठलं नाही. ती त्यांच्याकडे सरळ बघत राहिली.

मेहुण्याला काही उमगेना. बेकरीवाला जरा वेळ थांबला, अजून थांबला.

"आज एकही शून्य नाही?" तो म्हणाला आणि खो खो हसला. "आता बापलेक मिळून!"

कातडं काउंटरवर टाकून, संध्याकाळी काटा न्यायला येतो म्हणून, दोघं हसत हसत निघून गेले. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

गुंजीने हातावरचा हात काढला नाही.